जिथे रुई बसत नाही

१

परत येताना मला वाटलं होतं, न दिसणाऱ्या गोष्टी मी लोकांना दाखवीन. विहिरीच्या पाण्यातले जंतू, मातीत मुरणारं औषध, छातीत उतरणारी धूळ. सरकारी शिष्यवृत्तीवर मी इंग्लंडमधल्या समुद्राकाठच्या एका गावात कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशन शिकत होते. तिथल्या ओल्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर कायम धुळ्यातली एक स्वच्छ खोली असायची. दोन-तीन कॉम्प्युटर, माझ्यासारखीच चार वेडी मुलं, आणि गावोगावच्या शाळांत, कारखान्यांत फिरणाऱ्या आमच्या छोट्या फिल्म. ज्यांच्यासाठी शिकले त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं, असं मी तेव्हा म्हणायचे. मोठ्यानं म्हणायचे.

१९९८ साली मला मिळालं ते असं. धुळ्याच्या पाचव्या गल्लीत चपलांच्या दुकानावर एक खोली. खाली पाटी, 'नासीर व्हिडिओ'. खोलीत एकच कॉम्प्युटर, त्याच्यावर फुलाफुलांचं प्लास्टिकचं आवरण, आणि माझं काम लग्नाच्या कॅसेटमधल्या नवरा-नवरीवर फुलं पाडण्याचं.

"मॅडम, फुलं थोडी हळू पाडा ना," नासीरभाई म्हणायचे. "काल त्या शिरपूरवाल्या नवरदेवावर गारपीट झाल्यासारखी वाटली."

"गुरुत्वाकर्षण जास्त झालं होतं."

"मग कमी करा. लग्नात कशाला गुरुत्वाकर्षण? लग्नानंतर आहेच की."

फुलं म्हणजे कण. सॉफ्टवेअरला फूल कळत नाही, पाकळी कळत नाही. आपण हवेत एक उगम ठेवायचा, तिथून कण सुटतात. त्यांना वजन नसतं, मन नसतं. मग एकेक बल आणायचं आणि कणांना त्याच्याशी बांधायचं. गुरुत्वाकर्षणाशी बांधले की कण खाली येतात, वाऱ्याशी बांधले की वाहतात, अडसराशी बांधले की आपटून बाजूला होतात. ज्या बलाशी बांधलं नाही ते बल त्या कणांपुरतं जगात नसतंच. समोर भिंत रेखाटलेली असली तरी अडसर बांधला नसेल, तर कण तिच्यातून आरपार जातात.

मला हे फार आवडायचं. त्या जगात आपोआप काहीच होत नाही. जे होतं ते कुणीतरी बांधलेलं असतं.

२

मी राहायचे सोनगीरला, केसरमावशीकडे. रोज सकाळी एसटीनं धुळे, संध्याकाळी परत. आई लवकर गेली, मावशीनंच मला वाढवलं. मावशी हायवेपलीकडच्या रतिलाल शेठच्या जिनिंगमध्ये कवडी वेचायला जायची. कापूस मशीनवर चढण्याआधी त्यातला किडका, डागाळलेला भाग हातानं काढायचा, त्याला कवडी वेचणं म्हणतात. दिवाळी ते होळी बायकांची एक लांब ओळ भिंतीला टेकून हेच करते. मशिनं त्याच शेडमध्ये. सरकी खाली पडते, मोकळा झालेला कापूस, म्हणजे रुई, वर उडते. उडते ती सगळी त्या ओळीवर येऊन बसते. केसांवर, पापण्यांवर, नाकात.

त्या ओळीची एक रीत होती. जागा जिची तिचीच. तिला यायला जमणार नसेल तर तिनं बदली द्यायची, बहीण, सून, मुलगी, कुणीही. जिची बदली ती स्वतः आली, किंवा तिनं दुसरी धाडली, तरच बसलेलीनं उठायचं. जागा तशीच टाकून जायचं नाही. मावशीही पहिल्यांदा गेली ती माझ्या आईची बदली म्हणून, आणि मग राहूनच गेली.

मला ही रीत म्हणजे वेठबिगारी वाटायची. मी तसं बोलूनही दाखवायचे.

"वेठबिगारी कसानी व?" मावशी म्हणायची. "बदली शे म्हनीसन तं जागा राहस. नही तं मुकादम दुसरीले बठाडी दी."

त्या हिवाळ्यात तिचा खोकला वाढला. बोलता बोलता थांबायची, भिंत धरायची. मी शेठकडे गेले.

शेठ खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. "सिनेमा काढणार माझ्या जिनिंगचा?"

"रुई कुठं उडते, कुठं बसते ते त्यात दिसेल. मग हवा कुठून बाहेर काढायची ते कळेल. बायका खोकतात, शेठ."

"बायका खोकतात, हमाल खोकतात, मी पण खोकतो." त्यांनी खोकून दाखवलं. "बरं, बेन. विलायतेला जाऊन आलीस, तुझा मान ठेवतो. भिंत फोडून मोठा पंखा लावीन. पण एकच. कुठं, ते तू दाखव."

घरी येऊन मी मावशीला ओरडूनच सांगितलं. मावशी भाकरी थापत होती. "एक पंखामा काय व्हई?" एवढंच म्हणाली. पण हसली.

३

मापं घ्यायला गेले तेव्हा बायकांना माझ्या मानेपर्यंत कापलेल्या केसांची फार मौज वाटली.

"केसर, तुन्ही भाचीनी केस विलायतमाच ठेई दिधात का व?" द्रौपदाबाईनं विचारलं. "पदर कसावर राही हिना?"

"मी पदर घेतच नाही, अक्का."

"मंग बठ्ठी रुई डोकामा भराई. एक दिनमा म्हतारी व्हई जाशी, बाय!"

ओळ हसली. मावशी पदर सारखा करत सगळ्यांत जास्त हसली. तिच्या डोक्यावरून पदर उतरलेला मी कधी पाहिलेला नाही.

मी टेप धरून भिंतीकडेनं निघाले. लोखंडी खांबाच्या अलीकडे, द्रौपदाबाई आणि लिलाबाई यांच्यामध्ये, एक जागा मोकळी होती. बाकीच्या बायका गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या, आणि इथं एका माणसाएवढी जमीन उघडी.

"इथं कुणी नाही बसत?"

"तठे खांब टोचस," द्रौपदाबाई म्हणाली.

"उजेड नही तठे," लिलाबाई म्हणाली. ही ओळीतली सगळ्यांत तरुण.

मुकादम तोताराम मागून म्हणाला, "पहिल्यापासून तशीच आहे ताई, तुम्ही मापं घ्या."

खांब तिथून हातभर लांब होता. उजेडाचं म्हणाल तर खिडकी बरोबर समोर होती. मी मावशीकडे पाहिलं. ती कवडी वेचत होती.

तेवढ्यात पाण्याचा लोटा निघाला. हातातून हातात येत द्रौपदाबाईपर्यंत आला. ती प्यायली आणि लोटा त्या मोकळ्या जागेत जमिनीवर ठेवला. हात मागे घेतला. लोटा तिथंच राहिला. एखादी बाई घोटभर पाणी पिऊन तोंड पुसेल एवढा वेळ राहिला असेल. मग लिलाबाईनं तिकडे न बघता हात लांबवून तो उचलला.

हात पुरत नसेल म्हणून खाली ठेवत असतील, असं मी मनाशी म्हटलं. टेप हातात होता, अंतर समोर होतं. हात सहज पुरत होता.

४

शेड मी दुपारच्या वेळी उभी केली. नासीरभाई शूटिंगला गेले की कॉम्प्युटर माझा. चार भिंती, वर पत्रा, खिडक्या, खांब, मशीनच्या जागी साधे ठोकळे. बायका काढल्या नाहीत. कॉम्प्युटरची ताकद बेताची, एक माणूस काढायचा तर बाकी सगळं अडकून बसायचं. मशीनवर उगम ठेवले, गुरुत्वाकर्षण अगदी हलकं ठेवलं, खिडकीतून वारा सोडला, त्यात थोडी घुसळण घातली. आणि चालू केलं.

पडद्यावर रुई उडाली. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके वर गेले, पत्र्याखाली घोटाळले आणि बर्फासारखे खाली आले. बर्फ मी पाहिलेला होता. हळूहळू सगळी जमीन पांढरी झाली.

खांबाच्या अलीकडे एक काळा डाग राहिला.

मी आनंदानं टाळी वाजवली हे मला आठवतं. खांब वारा अडवत असणार, त्याच्या आडोशाला हवा वळसा घेत असणार, म्हणून तिथं रुई बसत नसणार. म्हणजे अख्ख्या शेडमध्ये श्वास घ्यायला सर्वांत चांगली जागा नेमकी ती, आणि या बायका ती सोडून बसतात! अडाणीपणा दुसरा काय असतो?

घरी जाताना एसटीत खिडकीशी बसल्यावर मला आठवलं की खांबाला मी अडसर बांधलाच नव्हता. वाऱ्यावरची रुई त्या खांबातून आरपार जायला हवी होती.

बांधला असेल, मी म्हटलं. चार गोष्टी एकदम करताना एखादी लक्षात राहत नाही.

५

"तठे नको व, पोरी," मावशी म्हणाली.

"मावशी, मी दाखवते ना तुला. तिथं धूळ येत नाही. पंखा लागेपर्यंत तरी तिथं बस."

"तठे नको."

आमच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. नवस, अंगारा, बाहेरची बाधा, यातलं काही मावशीनं मला कधी शिकवलं नाही. म्हणून मला जास्त राग आला.

"भूतबित मानायला लागलीस का?"

"भूत नही. आपला घरमा भूत कोन मानस? पन ती जागा खाली नही."

"कोण बसतं तिथं?"

"कोनी नही बसत."

"मग रिकामीच ना!"

मी बराच वेळ बोलले. वारा, दाब, फुप्फुस, विज्ञान. बोलता बोलता मावशीला पुन्हा खोकला आला आणि तो थांबेना. मी तिची पाठ चोळत राहिले. शेवटी ती डोळे पुसत म्हणाली, "बरं, बठस. तू शिकेल शे. तू बठाडस तं बठस."

दुसऱ्या दिवशी मी एसटी चुकवून तिच्याबरोबर गेले. तिनं खांबाच्या अलीकडे बारदान अंथरलं. द्रौपदाबाई आणि लिलाबाई, दोघींनी आपापले पाय जवळ घेतले. मावशीच्या जुन्या जागेवर मुकादमानं लगेच पुना हमालाच्या बायकोला बसवलं.

लोटा आला. द्रौपदाबाईनं तो हातात दिला नाही. मावशीच्या मांडीसमोर जमिनीवर ठेवला आणि हात मागे घेतला.

६

खोकला गेला. हळूहळू कमी होत गेला असं नाही, गेलाच. मी नासीरभाईंना पेढा दिला.

"कुणाचं लग्न?"

"मावशीचा खोकला गेला."

"वा! मग एक पेढा का? दोन द्या."

शेड सुटल्यावर बायका फाटकाशी उभ्या राहून पदर झटकतात. त्या वेळी सगळं फाटक पांढरं होतं. एक दिवस मी एसटीतून उतरून मावशीला घ्यायला गेले. बायका झटकत होत्या, शिंकत होत्या, एकमेकींच्या पाठी थोपटत होत्या. मावशी बाजूला उभी होती. तिला झटकायला काही नव्हतं. पदराचा जांभळा रंग सकाळी होता तसाच होता. कपाळावर घामसुद्धा नव्हता.

"तुम्ही बसलात कुठं, केसरबाई? ऑफिसात का?" तोताराम हसत म्हणाला. बाकी कुणी हसलं नाही.

तिला मी धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं. पुरावा हवा होता, शेठला दाखवायला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला.

"जिनिंगमध्ये केव्हापासून आहेत या?"

"मी लहान होते तेव्हापासून."

"मग फोटो बदलला असेल." त्यांनी पुन्हा काढला. दुसराही तसाच आला. डॉक्टर खुश झाले. "तान्ह्या मुलाची छाती इतकी साफ असते. वापरलेलीच नाही म्हणा ना!"

मावशी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. हल्ली ती बोलणं पुरं करत नसे. वाक्याच्या मध्ये थांबायची. पूर्वी खोकल्यासाठी थांबायची, आता नुसतीच.

फोटो घेऊन मी शेठकडे गेले. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला.

"म्हणजे जागा चांगली आहे."

"हो. आणि पंखा जर समोरच्या भिंतीत लावला तर अख्खी ओळ..."

"पंखा कशाला मग? जागा आहे ना? खोकणाऱ्या बायकांना पाळीपाळीनं तिथं बसवू. आता लिलाबाईला सुरू झालाय म्हणतो तोताराम. पुढच्या आठवड्यात तिला बसवू." त्यांनी मला हात जोडले. "तुझा सिनेमा कामाचा, बेन."

७

पंखा वाचवायचा तर त्या जागेचं कारण नेमकं सांगता यायला हवं होतं. मी फाईल पुन्हा उघडली.

खांबाला अडसर बांधलेला नव्हता. मग मी खांबच काढून टाकला. डाग राहिला. वारा सोडवला, घुसळण सोडवली. रुई सरळ रेषेत खाली आली आणि त्या एका जागी आली नाही. लपवलेल्या वस्तू असतील म्हणून सगळं उघड करून पाहिलं. लपवलेलं काही नव्हतं. भिंती काढल्या, पत्रा काढला, मशिनं काढली. उरलं काय, तर काळा पडदा, एक उगम, आणि गुरुत्वाकर्षण. पांढरे ठिपके पडत होते. खाली मध्येच एका ठिकाणी पडत नव्हते.

रिकाम्या जगातसुद्धा ती जागा भरलेली होती.

नवी फाईल केली असती तर प्रश्न मिटला असता, हे मला कळत होतं. मी केली नाही. त्यात डाग दिसला नसता तरी मला बरं वाटलं नसतं. दिसला असता तर काय, तेही माहीत नव्हतं.

आता डाग पूर्वीसारखा गोल नव्हता. तो वरपर्यंत गेला होता. पडणारी रुई बरीच उंचावरूनच दोन बाजूंना फाकत होती, उतारावरून ओघळल्यासारखी.

नासीरभाई चहाचे पेले घेऊन जिना चढले. माझ्या मागे उभे राहिले.

"मॅडम, त्या पांढऱ्यात कोण बसलंय?"

"कुणी नाही. ती रिकामी जागा आहे."

"अच्छा." त्यांनी माझा पेला ठेवला. "रिकामी जागा अशी मांडी घालून बसते?"

मी स्क्रीन बंद केली. चहा आधीच गार आला होता, की मी वेळानं प्यायले, सांगता येत नाही.

८

सुट्टीच्या दिवशी दुपारी मावशी ओटीवर आडवी झाली होती. दार उघडं होतं, उन्हाचा एक पट्टा आत आला होता. अशा पट्ट्यात धूळ तरंगते. ती पट्ट्याच्या वरच्या भागात तरंगत होती, मावशीच्या अंगावरून पुढे सरकत होती, पण खाली येत नव्हती.

मी कितीतरी वेळ तिच्या छातीकडे पाहत होते. लुगड्याच्या घड्या जाड असतात, त्यातून कळत नाही असं वाटलं.

आजारी माणसाच्या नाकापुढे कापूस धरतात, ते सगळ्यांना माहीत असतं. मी उशीच्या कोपऱ्यातून रुईचा एक धागा ओढला. दोन बोटांत धरून तिच्या नाकाशी नेला.

श्वास येतो आणि जातो. धागा आत ओढला जातो, बाहेर ढकलला जातो. मी तेवढंच बघणार होते.

धागा माझ्याकडे वाकला. आणि तसाच राहिला. थरथरला नाही, परत गेला नाही. कुणी फुंकर घातली तर ती संपते, ही संपत नव्हती. मी धागा जवळ नेला तसा तो अधिक वाकला. बाजूनं नेला तर बाजूला वाकला. कपाळाजवळ नेला, हाताजवळ नेला, सगळीकडे तेच. तिच्यापासून दूर.

"काय करस व?"

मावशीचे डोळे उघडे होते. केव्हापासून, कोण जाणे.

"मावशी, उद्यापासून तिथं बसू नकोस."

"बदलीले उठता येत नही." एवढं बोलून ती थांबली. मग कुठून तरी लांबून आणल्यासारखे शब्द आले. "जिन्ही जागा, तिले येवाले पाहिजे."

"तू बदली कशी? तू कुणाची बदली आहेस?"

तिनं माझ्या बोटांतला धागा पाहिला. रागावली नव्हती. "माले काय मालूम, पोरी? तू बठाडं माले."

९

दुसऱ्या दिवशी धुळ्याला जाऊन मी पहिलं काम तेच केलं. रिकाम्या काळ्या पडद्यावर उगम ठेवला, आणि या वेळी चारी बाजूंनी वारा बांधला, सगळा त्या जागेकडे जाणारा. जोर जितका देता येतो तितका दिला. आत शिरता येत नसेल तर निदान रुई त्या जागेच्या कडेला दाबून बसेल आणि कडा दिसेल, असा हिशेब होता. हे काम मला येतं. न दिसणारं दाखवायला मी शिकले होते.

एकेक चित्र तयार व्हायला वेळ लागत होता. पडदा वरून खाली ओळीओळीनं भरतो. आधी नुसता पांढरा गोंधळ होता. मग रुई दाटत गेली.

मांडी दिसली. गुडघे. वाकलेली पाठ. एक हात थोडा पुढे, जमिनीकडे, लोटा उचलताना असतो तसा. मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही, पण ती मला अपेक्षित भीती होती. मावशी तिथं बसते, आणि काही अनाकलनीय प्रकारे मावशीचाच आकार इथं उतरतो आहे, असं म्हणायची मी तयारी केली होती.

चित्र उलट्या बाजूनं पुरं होत नाही. डोकं वरच्या ओळींत आधीच आलेलं होतं. मी खाली पाहत असल्यामुळे ते पाहिलं नव्हतं.

डोक्यावर पदर नव्हता. अंबाडा नव्हता. केस मानेपर्यंत होते आणि तिथं सरळ कापलेले होते.

नासीरभाई मागे आले होते. लग्नाच्या गर्दीत पाठमोऱ्या माणसालाही ते नावानिशी ओळखतात, त्यांचा धंदाच आहे तो. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्या मानेकडे. आणि ते जिना उतरून खाली गेले. खाली चपलांच्या दुकानात ते उगाच मोठ्यानं कुणाशी तरी बोलत राहिलेले मला ऐकू येत होते. संध्याकाळपर्यंत ते वर आले नाहीत.

मी फाईल पुसली नाही. बंद केली, कॉम्प्युटरवर फुलाफुलांचं आवरण घातलं आणि एसटी पकडली.

१०

सकाळी मावशीनं भाकरी बांधली, बारदान काखेत घेतलं. दारात तिची सावली पडली होती. सावली बरोबर होती, मी पाहिली.

रात्रभर मी कारणं शोधली होती, आणि मला पुष्कळ सापडली. कॉम्प्युटर जुना होता, मी थकले होते, मावशीचं वय झालं होतं. प्रत्येक कारण खरं होतं. त्यांतल्या एकाही कारणानं मावशी ओळीतून उठली नसती. ती नाही, तर पुढच्या आठवड्यात लिलाबाई. तिच्यामागून दुसरी कुणी, तिसरी कुणी. सगळ्या माझ्या शब्दावर.

समोरच्या हायवेवर धुळ्याची एसटी थांबली. हॉर्न वाजला. कंडक्टर मला ओळखायचा, त्यानं थोडी वाट पाहिली. मग एसटी गेली.

मी मावशीच्या काखेतलं बारदान काढून घेतलं.

"आज मी बसते, मावशी. तू घरी राहा."

माझ्या कुठल्याही ठरवण्यावर मावशी आधी वाद घालायची. आज घातला नाही. तिनं भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं, आणि खुंटीवरचा रुमाल काढून पुढे केला.

"केसले बांध. रुई भराई."

मी रुमाल घेतला नाही. मी उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं. तेव्हा मागून तिचा खोकला ऐकू आला. आधी एकच, अडकलेला. मग दुसरा. मग छाती फोडून निघाल्यासारखे, एकामागून एक, तिला भिंत धरायला लावणारे. मी मागे वळले नाही. ऐकू येईल तिथपर्यंत मी तो खोकला ऐकत गेले.